स्टोची पिन

जुने टाकावे केव्हा आणि नवे घ्यावे केव्हा, याचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही. नव्या घराला मुहूर्त आहे, दागिन्यांना आहे, गाडीला आहे. फुटकी कपबशी आणि झिजलेली केरसुणी घराबाहेर काढायला दिवाळीची साफसफाई आहे. पण जी वस्तू धडधाकट चालते आहे, जिने आपले काडीचेही वाकडे केलेले नाही, ती केवळ जुनी झाली म्हणून काढून टाकावी काय, या प्रश्नावर शास्त्रकार मौन पाळून आहेत.

२०२५ च्या दिवाळीत हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो संगणकाच्या निमित्ताने. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. वसुबारस होती १७ तारखेला. म्हणजे इकडे गायवासराच्या पूजेची तयारी चालली असताना, तीन दिवस आधीच आमची दुभती गाय भाकड ठरली! बरे, गाय काही आटली नव्हती. २०१६ साली घेतलेला हा संगणक त्या दिवशी सकाळीही पूर्वीसारखाच सुरू झाला, वीजबिल भरून बसला, आणि संध्याकाळी फराळाच्या सामानाची यादीही त्याने छापून दिली.

ही कार्यप्रणाली म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या चार ओळी खुशाल गाळाव्यात. संगणक हे घर मानले, तर कार्यप्रणाली हा त्या घरातला कारभारी. पत्र लिहायचे असो, फोटो पाहायचे असोत, बँकेचा हिशेब असो, प्रत्येक काम त्याच्या हातून जाते. दाराच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला. चोर रोज नवी फट शोधतात आणि कारभारी ती बुजवतो. देखभाल थांबली याचा अर्थ कारभारी घर सोडून गेला असा नव्हे. तो कामाला येईल, पाणी भरील, दिवाबत्ती करील, पण यापुढे भिंतीला नवी फट पडली तर गवंडी आणणार नाही.

मग नवा कारभारी आणावा, म्हणजे ‘विंडोज ११’ घ्यावी, हे ओघाने आलेच. ती ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे, आणि जुन्यावरून नव्यावर जायला वेगळे पैसेही पडत नाहीत. पण या नव्या कारभाऱ्याला राहायला जागा त्याच्या पसंतीची लागते. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा, अशा त्याच्या अटी. आमचा संगणक सहाव्या पिढीतला. सोयरीक जुळण्याआधीच पत्रिका अडली.

आम्ही राहतो बोनकोडे गावात. ठाणे-वाशी मार्गावरच्या कोपरखैरणे स्टेशनात उतरलात की सिडकोच्या आखीव सेक्टरांमध्ये वेढलेले आमचे जुने गावठाण लागते. इथे कोणत्याही प्रश्नावर सल्ला विकत घ्यावा लागत नाही, तो जिन्यातच मिळतो. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, “काही होत नाही हो! माझ्या दुकानात अजून विंडोज सात चालू आहे.” कोपऱ्यावर संगणक दुरुस्त करणारा मुलगा म्हणाला, “काका, नवा घेऊन टाका. जुन्याचे मी बघतो.” आणि शेजारचा, महाप्याच्या एका कंपनीत नोकरीला असलेला तरुण म्हणाला, “लिनक्स टाका. फुकट आहे आणि तुमच्या जुन्या मशीनवर छान चालेल.” तीन सल्ले, आणि तिन्ही देणारे आपापल्या परीने खरे बोलत होते. घोळ झाला तो त्यामुळेच.

‘काही होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. ते खरे असते, खोटे ठरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणकी रोग जगभर पसरला. तो आमच्या अंगणापर्यंत आला होता. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. हा रोग ज्या वाटांनी पसरला, त्यांपैकी एक अशी फट होती की जिचे ठिगळ तीन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच, निघालेले होते. ज्यांनी ते लावले नाही त्यांच्या घरात चोराला ती वाट मोकळी मिळाली.

पण न्यायाचा तराजू दोन्ही पारड्यांनी पाहावा. हाच रोग मुळात शिरला कुठून? तर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे औषधाच्या बाटलीतूनच विष आले. आणि १९ जुलै २०२४ ची गोष्ट तर अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडदे दाखवीत बसले. आपल्या देशात काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. तेव्हा जुन्याला चिकटून राहिलो की सुरक्षित, हे जसे खोटे, तसे नव्याच्या मागे धावलो की सुरक्षित, हेही पुरते खरे नाही.

शिवाय ‘नवे’ हा शब्दच मोठा अल्पायुषी. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यांना ‘नये पैसे’ म्हणत. आण्याचे सव्वासहा नये पैसे होत, तेव्हा हिशेब करताना आमच्या आजीच्या पिढीचा किती गोंधळ झाला असेल याची कल्पना करावी. सरकारने मात्र शहाणपणा केला. जुनी नाणी एका रात्रीत बाद न करता दोन्ही काही काळ बाजारात शेजारी शेजारी चालू दिली. आणि १ जून १९६४ ला त्या नाण्यांच्या नावातला ‘नया’ हा शब्दही गळून पडला. सात वर्षांत नव्याचे नवेपण संपले! विंडोज १० चे तसेच. ती २०१५ मध्ये आली तेव्हा कंपनीच्याच एका तंत्रज्ञाने ही विंडोजची शेवटची आवृत्ती असे म्हटले होते. सहा वर्षांत पुढची आली.

आम्हा बोनकोड्याच्या लोकांना नव्या व्यवस्थेची नोटीस ही काही नवलाची गोष्ट नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले आणि खाडीकाठची आमची भातशेती कागदावरच्या सेक्टरांत गेली. शहर आले, रस्ते आले, शाळा आल्या, आणि २००४ साली आमच्या बाजूने ठाणे-वाशी लोकलही धावू लागली. यातले काहीच वाईट नव्हते. पण जुन्यातले काय बरोबर न्यायचे, याचा रकाना त्या नोटिशीत नव्हता. तो शेतकऱ्यांना भांडून भरून घ्यावा लागला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. संगणकाची आणि त्या लढ्याची बरोबरी मला करायची नाही, ती करणे शोभणारही नाही. पण लहानपणापासून एक गोष्ट पाहत आलो आहे की, नवी व्यवस्था येताना ती काय देणार हे मोठ्या अक्षरांत सांगते. तुमचे काय मागे राहील, हे मात्र ज्याचे त्यानेच शोधायचे असते.

आमचे काय मागे राहणार होते, ते आमच्या मुलीमुळे कळले. तिने आपला नवा लॅपटॉप आणला आणि “बाबा, जुन्यातले सगळे मी इकडे घेते, मग हा मुद्दाच उरणार नाही,” असे म्हणून फोटो, पावत्या, पत्रे सगळे भराभर उतरवून घेतले. सगळे आले. फक्त ‘आत्या’ या नावाची एक फाइल उघडली तेव्हा पडद्यावर मराठीचे अक्षर नाही. इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरच्या खुणा आणि मधूनमधून चौकोन, असे चाळीस पानांचे भूतभाषेतले लिखाण.

माझी आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी समाजात लग्नातल्या विधींना धवले गाऊन पुढे नेण्याचा मान धवलारणीचा. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला निराळा, आणि तो सगळा तोंडपाठ. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हते. माझ्या वडिलांनी तिच्यासमोर बसून ते धवले एका वहीत उतरवून घेतले आणि २००३ साली कोपरखैरण्यातल्या एका टायपिंगच्या दुकानात संगणकावर करून आणले. दुकान बंद पडले. वही २६ जुलै २००५ च्या महापुरात लगदा झाली. वडील गेले, आत्याही गेली. राहिली ती ही एक फाइल. फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून एका संगणकात, तिथून दुसऱ्यात, अशी बिऱ्हाडे बदलत आलेली.

आता ती वाचता का येईना? याचे कारण समजून घेतले तेव्हा ते मला फार मनोरंजक वाटले. त्या काळात मराठी टायपिंगसाठी जे फॉण्ट सर्रास वापरले जात, त्यांत संगणकाच्या पोटात मराठी अक्षर मुळी नसायचेच. पोटात इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि वर मराठी अक्षराचा मुखवटा. तो मुखवटा म्हणजे तो विशिष्ट फॉण्ट. फॉण्ट नसला की मुखवटा गळतो आणि आतले इंग्रजी अक्षर उघडे पडते. युनिकोडची गोष्ट वेगळी. १९९१ पासून त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, तो बोनकोड्यातही तोच आणि बॉस्टनमध्येही तोच. आज आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो ते सगळे यातले. पण त्यापूर्वीचे आणि त्यानंतरचेही कितीतरी मराठी लिखाण, पतपेढ्यांची इतिवृत्ते, ग्रामस्थ मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका, कोणाकोणाच्या कवितांच्या वह्या, अशाच मुखवट्यांच्या भरवशावर घराघरांतल्या जुन्या संगणकांत पडून आहे.

हे ऐकल्यावर मला महानुभावांची आठवण झाली. तेराव्या शतकातल्या महदंबेने धवळेच रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतात. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि ज्याला लिपीची किल्ली ठाऊक नाही त्याच्या लेखी ती पोथी म्हणजे नुसत्या रेघोट्या. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ती लिपी जगापुढे उलगडली, आणि मराठीला आपल्या आद्य गद्याचा ठेवा परत मिळाला. त्या पोथ्या वाचल्या त्या दोन कारणांनी. कोणीतरी पोथी जपली होती, आणि कोणीतरी किल्ली जपली होती. दोहोंपैकी एक नसती तर दुसरीचा उपयोग नव्हता.

हेच तत्त्व आमच्या सौभाग्यवतीने फार थोडक्यात सांगितले. मी राजवाड्यांपर्यंत पोचलो होतो, ती माळ्यापर्यंतच गेली. म्हणाली, “अहो, गॅस आला तेव्हा आपण घासलेटचा स्टो माळ्यावर ठेवला ना? स्टो अजून आहे. पण त्याची पिन कुठे आहे, सांगा बघू?” मला सांगता आले नाही. पिन नसलेला स्टो म्हणजे पितळेचे ओझे. नवा गॅस घ्यावा की नाही हा वाद आपण घालत बसतो, आणि त्या गडबडीत पिन कोणी उचलून ठेवली का, हे विचारायचे राहून जाते.

पिन आमच्या जुन्या संगणकातच होती. मुलीने फॉण्टच्या कप्प्यात शोधून ती नेमकी फाइल काढली, नव्या लॅपटॉपवर बसवली, आणि डॉलरच्या खुणा जाऊन तिथे आत्या बोलू लागली. म्हणजे गुन्हा नव्या प्रणालीचा नव्हताच. तिला तो जुना फॉण्ट चालत होता, फक्त कोणीतरी तो हाताला धरून तिच्या दारी न्यायला हवा होता. आणि तो फॉण्ट घरातल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्रात नव्हता. जुना संगणक दुरुस्तीवाल्या मुलाला देऊन टाकला असता आणि त्याने तो रीतसर धुऊनपुसून विकला असता, तर चाळीस पानांचे आणि त्या किल्लीचे एकदमच विसर्जन झाले असते.

पुढचे काम चार महिन्यांचे. जुन्या अक्षरांचे युनिकोड करून देणारी साधने मिळतात, पण ती झाली यंत्रे. जुन्या फॉण्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करीत, युनिकोडमध्ये ती मागाहून येते. रफार कुठे उडी मारून बसेल याचा नेम नाही. म्हणून एकेक ओळ मोठ्याने वाचून ताडून पाहायची ठरली, आणि कानाला म्हणून आत्याच्या सुनेला बोलावले. ती तिसऱ्याच ओळीला थांबली. म्हणाली, “हे असे नाही. आत्या ‘पानी’ म्हणायची, इथे ‘पाणी’ आहे.” आम्ही पाहत गेलो तो काय! टायपिंगच्या दुकानातल्या त्या सज्जन माणसाने आत्याचा प्रत्येक ‘न’ शुद्ध करून ‘ण’ केला होता, आणि ‘ल’चा ‘ळ’. त्याने ते प्रेमाने केले असणार. पण बावीस वर्षे आम्ही जे जपत होतो, ती आत्या नव्हती, तिची शाळेत घातलेली प्रत होती. सुनेच्या आठवणीने बहुतेक ओळी पुन्हा मूळ जागी आल्या. काही तिलाही आठवल्या नाहीत. त्या तशाच, छापील शुद्ध मराठीत राहिल्या. प्रत्येक स्थलांतरात थोडे काही सांडतेच, आणि सांडले कुठे हे सांगणारा कान त्या वेळी हयात असावा लागतो. म्हणून स्थलांतर फार लांबवूही नये, हे मी यातून शिकलो.

मग आमचा निर्णय काय झाला? सरकारने १९५७ साली जे केले तेच आम्ही केले. दोन्ही नाणी काही काळ शेजारी शेजारी चालू दिली. बँक, आयकर, रेल्वेची तिकिटे, म्हणजे ज्या कामांत चोराची भीती, ती सगळी मुलीच्या नव्या यंत्रावर गेली. जुन्याची इंटरनेटची तार काढून घेतली. ज्यांना एवढे करणे जमणार नव्हते, त्यांच्यासाठी कंपनीने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदतही जाहीर केली होती. ३० डॉलर भरून किंवा संगणकाच्या सेटिंगची प्रत कंपनीच्या खात्यावर ठेवून ती मिळत होती. पण वाढीव मुदत ही सामान बांधण्यासाठी असते, झोपा काढण्यासाठी नव्हे. धवल्यांचे काम पुरे झाले, त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी गेल्या, फॉण्टची फाइल प्रत्येक प्रतीबरोबर ठेवली, आणि मग शेजारच्या तरुणाला बोलावून जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घेतले. केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षे ज्यावर मुलांना शिकवीत आल्या, ते आमच्या घरी चालायला हरकत नव्हती. कॅनॅलिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज केला होता की, या एका तारखेपायी जगातले २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. त्यांतला एक तरी आम्ही वाचवला. सौभाग्यवती आता त्यावर पाककृती लिहिते, आणि ती लिहिते तेव्हा ‘क’चा क्रमांक २३२५ असतो.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या दिवाळीत असेच एखादे यंत्र माळ्याच्या किंवा भंगाराच्या वाटेवर असेल. नवे जरूर घ्या. फटी बुजवायला गवंडी हवाच. जुन्याशी इमान म्हणून उघड्या दाराने झोपणे यात काही पुरुषार्थ नाही. फक्त यंत्र उंबऱ्याबाहेर काढण्यापूर्वी एक दुपार त्याच्यासमोर बसा. कोणाचे काय त्यात लिहिलेले आहे, ते कोणत्या अक्षरात आहे, आणि ते वाचणारा, ऐकणारा माणूस घरात अजून कोण आहे, एवढे पाहा. यंत्र बदलायला तासभर पुरतो. पिन शोधायला मात्र ती कुठे ठेवली हे ठाऊक असलेला माणूस लागतो.